दोनास एक

वॉशिंग्टन, २५ ऑक्टोबर १९७३

आयनार,

आधी 'प्रिय' लिहिलं, मग खोडलं, मग वाटलं खोडाखोड बघून तू आणखीच फुगशील, म्हणून नवा कागद घेतला. तर नुसतंच आयनार.

तुला हृदयविकाराचा झटका आला, हे तुझ्या सख्ख्या बहिणीला कुणी सांगावं? सभागृहाच्या उपाहारगृहात सूप वाढणाऱ्या बाईने. "तुमच्या भावाला नौदलाच्या इस्पितळात नेलं ना? आता बरे आहेत का?" मी म्हटलं, "बरा आहे." दुसरं काय सांगणार! घेवड्याचं सूप समोर गार होऊन गेलं. नंतर ते तसंच प्यायले, कारण अन्न टाकायची सवय आईने आपल्या दोघांनाही लागू दिली नाही.

संध्याकाळी बेथेस्डाच्या त्या इस्पितळात आले होते. तुझ्या खोलीच्या दाराशी तुझा मदतनीस कर्टिस उभा. म्हणाला, "साहेब सध्या कुणालाही भेटत नाहीत."

"कुणालाही म्हणजे कुणाला रे?"

"म्हणजे... तुम्हाला, मॅडम." बिचारा कानापर्यंत लाल झाला. त्याला रागावू नकोस. खोटं बोलता येत नाही असा माणूस या शहरात तुला कुठे सापडला, देव जाणे. तेव्हा आता पत्रंच. दार बंद करता येतं, टपाल बंद करता येत नाही. शिवाय तू पडून आहेस आणि वाचायला दुसरं काही देत नसतील.

काल राष्ट्राध्यक्षांनी आमचं विधेयक परत पाठवलं. व्हेटो. नळ्या लावलेल्या असतानाही तू टाळ्या वाजवल्या असशील. त्यांचं म्हणणं, या कायद्याने देशाच्या सरसेनापतीचे हात बांधले जातील. कसले हात बांधलेत, आयनार? आम्ही एवढंच लिहिलंय, की काँग्रेसला न विचारता फौज लढाईत घातली तर अठ्ठेचाळीस तासांत आम्हाला लेखी कळवा, आणि आमची परवानगी मिळाली नाही तर साठ दिवसांत पोरांना परत आणा. घटनेत युद्ध पुकारायचा अधिकार आमच्याकडे दिलाय तो काय भिंतीवर टांगायला? आता दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं पडली तरच व्हेटो मोडतो. सिनेटचं मला भय नाही. तुझ्या-माझ्या खालच्या सभागृहात मात्र एकेक मत मोजून घ्यावं लागणार.

तू उन्हाळ्यात भाषण केलंस, की लगाम एकाच हातात हवा, चारशे पस्तीस जणांनी ओढला तर गाडी खड्ड्यात जाईल. भाषण चांगलं होतं. मी मान डोलावली तेव्हा आमच्या फिनर्टीने असं पाहिलं, जणू मी पर्समधून तुमच्या पक्षाचा झेंडाच बाहेर काढला असावा. तो आमचा मतं गोळा करणारा माणूस, त्याला मान डोलावणंसुद्धा मोजावं लागतं. पण तुझं तेवढं खरंच आहे. कोणता पूल उडवायचा आणि कोणती टेकडी सोडायची यावर आम्ही मतदान घ्यायला लागलो तर शत्रूला गोळी झाडायची गरजच पडणार नाही. लगाम राहू दे एकाच्या हातात. पण गाडीत बसलेली मुलं कुणाची आहेत? ती गाडी कुठे निघाली आहे, हे त्यांच्या आईबापांनी विचारायचं नाही?

हाच प्रश्न मी तीन वर्षांपूर्वी विचारला होता. जागा चुकली, हे मी मान्य करते. प्रश्न चुकला हे मान्य करणार नाही.

मतदान सात नोव्हेंबरला आहे. औषधं घे.

थोरा


वॉशिंग्टन, ३० ऑक्टोबर

आयनार,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी टपालाच्या वेळेला मी दोनदा बाहेरच्या खोलीत जाऊन आले. माझी सेक्रेटरी बर्निस म्हणाली, "कुणाचं प्रेमपत्र यायचंय का?" एकसष्टाव्या वर्षी अशा चौकशा होतात तेव्हा बरं वाटतं.

आज कामाचं लिहिते. तू जोडी शोधतो आहेस असं कळलं. तुमच्या पक्षाचे लोक आमच्या बाजूला येऊन विचारून गेले, आयनार येऊ शकत नाही, त्याच्या नकारासमोर आपला होकार मागे घेऊन कुणी जोडीला बसेल का? एकानेही हो म्हटलं नाही. तुझी लोकप्रियता बघता नवल नाही.

जोडी म्हटलं की मला आपले बाबा आठवतात. विस्कॉन्सिनच्या विधिमंडळातून, मॅडिसनहून, गवत कापायच्या दिवसांत ते आणि शेजारचे गुंडरसन एकाच गाडीतून घरी यायचे. पक्ष वेगळे, दोघं एकमेकांना जाहीरपणे गाढव म्हणायचे. पण गवत कुणासाठी थांबत नाही. मग ठरायचं, तू नाहीस तर मीही नाही, तुझा नकार आणि माझा होकार एकमेकांना खाऊन टाकतील. कागदावर काही नाही, सही नाही. एका वर्षी गुंडरसनचं गवत पावसाने सडलं, ते एकटेच लवकर विधिमंडळात परत गेले, आणि बाबा गैरहजर म्हणून मत न देता बसून राहिले. मत दिलं असतं तर जिंकले असते. हात खाली धरून बसले. बाबांनी त्या हिवाळ्यात त्यांच्याकडे अर्धी गंजी पाठवली आणि तरीही त्यांना गाढव म्हणायचं सोडलं नाही.

तर मी देते तुला जोडी. तू अंथरुणात, मी माझ्या बाकावर मत मागे घेऊन. उभी राहून सांगेन की हे सदस्य हजर असते तर त्यांनी विरोधात मत दिलं असतं. तुझा नकार नोंदला जाईल, तोही माझ्या तोंडून. हे ऐकायला तुला मजा येईल.

का देते आहे? तुझ्या हृदयाची एक झडप बिघडली म्हणून मला जिंकायचं नाही. हा कायदा पास व्हायचा तर तुझ्यासकट सगळे बोलल्यावर व्हावा. बस, एवढंच कारण. दुसरं काही शोधत बसू नकोस.

कर्टिसला सांगून होय की नाही कळव. नाही म्हणालास तरी मी देणार आहेच.

थोरा

ता. क. माझा एव्हरेट गेल्यावर मी त्याच्या जागेवर निवडून आले तेव्हा तू म्हणाला होतास, विधवांना पेन्शन देण्याची ही नवी पद्धत दिसते. ते मी विसरलेले नाही. तेही तुझ्या खात्यावर आहे.


वॉशिंग्टन, २ नोव्हेंबर

आयनार, अरे आयनार!

कर्टिस आज दुपारी धापा टाकत आला. हातात इस्पितळाच्या औषधाच्या कागदाचा अर्धा तुकडा. त्यावर तुझं अक्षर, कोंबडीने पाय ओढावेत तसं. सबंध मजकूर असा: "व्हेटो असेल तर दोनास एक. इतकी वर्षं काय केलंस?"

तीन वर्षांनी माझ्याशी बोललास, आणि बोललास ते चूक काढायला! मी खुर्चीत बसून इतकी हसले की बर्निस पाणी घेऊन आली. मग जरा रडले, पण ते तुला सांगायचं कारण नाही.

आणि चूक खरीच. दोन तृतीयांश लागतात तिथे एका नकाराचं वजन दोन होकारांइतकं. तुझ्या एका नकारासमोर आमच्याकडचे दोघं गप्प बसले तरच तोल राहतो. हे मला तोंडपाठ आहे, दुसऱ्यांना शिकवते मी हे. आणि तुला लिहिताना मात्र बाबांच्या गवतासारखी एकास एक देऊन बसले. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ही चूक झाली नसती. मी एक बहीण, तू एक भाऊ, डोक्यात तेवढंच होतं.

आता मला आमच्यातला आणखी एक वेडा शोधायला हवा. फिनर्टीला सांगितलं तेव्हा तो सिगार खाली ठेवायचा विसरला.

"बाई, तुम्हाला ताप आहे का?"

"नाही."

"तो माणूस आजारी पडला म्हणजे देवाने आपल्या ओंजळीत दोन मतं टाकली. आणि तुम्ही ती देवाला परत करणार?"

"परत करत नाही. वजन सारखं करते."

"वजन! दोन-चार मतांवर येऊन ठेपलंय हे. काठावरचे पाच जण रोज सकाळी वेगळं बोलतात. आणि तुम्ही, ज्या बाईने हे विधेयक तीन वर्षं कडेवर घेऊन फिरवलं, ती शेवटच्या दिवशी मत न देता नुसतं 'हजर' म्हणून खाली बसणार? लोक म्हणतील, हिचाच विश्वास उडाला!"

"लोकांना मी सांगेन."

"हरलो तर काय सांगाल?"

त्याला मी म्हटलं, हरणार नाही. त्याने विचारलं, कशावरून? मी म्हटलं, कारण मी गेल्या आठवड्यात त्या पाचही जणांच्या घरी जाऊन कॉफी प्यायले आहे, आणि त्यातल्या तिघांच्या घरी फौजेत जायच्या वयाची मुलं आहेत. फिनर्टीने आता सिगार खाली ठेवला. मग म्हणाला, "तुमच्या घराण्यात सगळेच असे आहेत का?" मी म्हटलं, नाही, भाऊ जास्त हट्टी आहे.

तर तुझ्या माहितीसाठी, मला खात्री आहे. आम्ही हा व्हेटो मोडणार.

थोरा


वॉशिंग्टन, ५ नोव्हेंबर

आयनार,

दुसरा वेडा सापडला. टेक्सासचे लेम्युएल प्रुइट.

मी अकरा जणांकडे गेले. प्रत्येकाने आदराने ऐकलं आणि प्रत्येकाला त्या दिवशी आपलं नाव भिंतीवर होकाराच्या हिरव्या दिव्यासमोर दिसायलाच हवं होतं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. जानेवारीत ती दिव्यांची भिंत बसवली तेव्हापासून लोकांना आपलं नाव उजळलेलं बघायची चटकच लागली आहे.

प्रुइट त्यांच्या नेहमीच्या जागी, शेवटच्या रांगेत, बूट काढून बसले होते. तुझ्या समितीत वीस वर्षं तुझ्याशी भांडलेले. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या त्या दूधवाल्या भावाला विरोधात मत द्यायचंच आहे का?"

"हो."

"मुलगा गेला तरी?"

"मुलगा गेला म्हणूनच."

त्यांनी बूट घातले. "माझ्या मतदारसंघात मला कुणी विचारलं की लेम, त्या दिवशी तू गप्प का बसलास, तर मी सांगेन की पहिल्यांदाच गप्प बसलो, जरा कौतुक करा. लिही माझं नाव, बाई." लिहायचं काही नव्हतंच. हात पुढे केला, मी तो धरला. झालं.

'मुलगा गेला म्हणूनच' हे मी त्यांना म्हटलं खरं, आणि जिन्यावर येऊन थांबले. हे मी तुझ्यापाशी कधीच बोलले नाही. आता बोलते.

रॉल्फला शवपेटीतून घरी आणलं तेव्हा मे महिना होता. चर्चच्या तळघरात कॉफीची भांडी मांडलेली, बायकांनी केलेले केक, सगळे हळू आवाजात बोलत होते. कुणीतरी म्हणालं, देशाने त्याला बोलावलं आणि तो गेला. आणि मी तुझ्या शेजारी उभी राहून म्हटलं, "देशाने नाही बोलावलं. कंबोडियात फौज घुसली हे मला सभागृहात कळलं नाही, टेलिव्हिजनवर कळलं. एका माणसाने ठरवलं." तू कप बशीत ठेवलास. आवाजसुद्धा झाला नाही. त्यानंतर मी तुझ्यासाठी 'विस्कॉन्सिनच्या सन्माननीय सदस्या' झाले आणि तू माझ्यासाठी 'विस्कॉन्सिनचे सन्माननीय सदस्य'. सभागृहात कुणाला नाव घेऊन हाक मारायची नसते, हा नियम तुला फार सोयीचा पडला.

तुला काय वाटतं ते मला कळतं, आयनार. त्या माणसाला तो अधिकार नव्हता असं तू मत दिलंस, तर रॉल्फ कशासाठी गेला? मग तो नुसताच गेला. बापाने हे स्वतःच्या हाताने कसं लिहून द्यावं? मी तुझ्या जागी असते तर मीही लाल बटणच दाबलं असतं कदाचित. पण मी त्याची आत्या आहे. त्याला पोहायला मी शिकवलं. मला पुढच्या मुलाचा विचार करावा लागतो, कारण तू तो करू शकत नाहीस.

आता राहिलेलं सांगून टाकते, कारण खोटेपणा मला झोपू देत नाही. तुझ्या हृदयावर जिंकायचं नाही वगैरे मी लिहिलं ते खरंच आहे, पण अर्धंच. एकोणतीस तारखेला मार्गितने मला फोन केला. तुझी बायको मला लपून फोन करते, तीन वर्षं करते आहे, हे आता तुला कळलंच. म्हणाली, "थोरा, त्याने कर्टिसला काळा सूट आणायला सांगितलाय. जोडी मिळाली नाही तर रुग्णवाहिकेतून जाणार म्हणतो. डॉक्टर म्हणतात, त्या जिन्यांवर, त्या गडबडीत हा टिकणार नाही. तू काहीतरी कर." त्याच रात्री मी ठरवलं आणि सकाळी तुला लिहिलं.

पण काय केलं ते मी तिला सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मी कुणाला तरी तुझ्या जोडीला बसवलं. ती परवा प्रेक्षक गॅलरीत येणार आहे. तळघरातल्या त्या दिवशी सगळे गेल्यावर कप विसळताना तिने माझा ओला हात धरला होता. म्हणाली, "असा काही कायदा कधी आला, तर त्यात 'हो' म्हणणाऱ्यांत तुझं नाव मला दिसू दे. माझ्या घरातलं एक तरी." मी शब्द दिला. या सबंध तीन वर्षांत मी पळतेय ती त्या एका शब्दापायी.

म्हणजे बघ, तुला अंथरुणात ठेवायचं तर तिला दिलेला शब्द मोडायचा, आणि तिला दिलेला शब्द पाळायचा तर तुला तो सूट घालू द्यायचा. मी निवड केली आहे. बरोबर केली आहे. फक्त तिच्याकडे गॅलरीत वर बघायची छाती होईल का, एवढंच माहीत नाही.

सूट घरी परत पाठव.

थोरा


वॉशिंग्टन, ८ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय आयनार,

निकाल तुला रेडिओने सांगितलाच असेल. लागत होती त्यापेक्षा चार मतं जास्त. सिनेटमध्ये तर आरामात. कायदा झाला. फिनर्टीने मला सर्वांदेखत उचलायचा प्रयत्न केला आणि त्याच्या कमरेत उसण भरली.

पण रेडिओने जे सांगितलं नाही ते सांगते.

मतदान सुरू झालं तसं मी माझं कार्ड घातलं आणि हिरवं बटण दाबलं. रीत तशीच आहे, आधी मत द्यायचं, शेवटी उठून मागे घ्यायचं. भिंतीवर माझं नाव उजळलं. प्रुइटांचंही. मग वर बघितलं. मार्गित पहिल्याच रांगेत, निळी टोपी, हातमोजे मांडीवर. तिला माझं नाव दिसलं होतं. तिने हात हलवला नाही, तिथे हलवू देत नाहीत, पण पुढे वाकून कठड्यावर हनुवटी टेकवली, सर्कस बघायला आलेल्या मुलीसारखी.

शेवटचे रेंगाळणारे येऊन बटण दाबून गेले. काठावरच्या पाचांपैकी चौघं हिरवे. सभापतींनी विचारलं, कुणाला मत बदलायचं आहे का? मी उठले. फिनर्टीने कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या बाजूच्या एकाने तर "नको, नको" असं म्हटलेलं मला ऐकू आलं.

मी म्हणायला सुरुवात केली. "सभापती महाशय, या मतदानात मी आणि टेक्सासचे सन्माननीय सदस्य मिळून जोडी दिली आहे ती..." आणि पुढे 'विस्कॉन्सिनच्या सन्माननीय सदस्यांना' म्हणायचं होतं. पाठ केलेलं होतं. तोंडातून निघालं, "माझ्या भावाला."

"तो इथे असता तर त्याने विरोधात मत दिलं असतं. मी बाजूने दिलं होतं. ते मी मागे घेते आणि हजर असल्याचं सांगते."

प्रुइट उठून तेच म्हणाले, फक्त शेवटी "आणि मलाही बरं वाटतंय" असं पुटपुटले. सभापतींनी नियमाप्रमाणे मला टोकायला हवं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. तुमच्या बाजूचा तो कोपऱ्यातला खवट म्हातारा, जो माझ्याशी आजवर लिफ्टमध्येसुद्धा बोललेला नाही, तो उभा राहिला आणि मी बसेपर्यंत उभाच राहिला. भिंतीवर माझ्या नावासमोरचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला.

मग निकाल, टाळ्या, फिनर्टीची कंबर. मी जिना चढून वर गेले. तिला सांगायला मी चार वाक्यं तयार केली होती. मार्गित हातमोजे घालत होती, एकेक बोट सावकाश.

म्हणाली, "तो म्हणजे तूच होतीस तर. जोडीला बसलेली."

"मी आणि प्रुइट."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"नाही."

"सांगितलं असतंस तर मी तुला नको म्हटलं असतं." मग थांबून म्हणाली, "नाही, नसतं म्हटलं. म्हणून बरं केलंस." तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि पुन्हा जागेवर आला. "सबंध मतदानभर हिरवं होतं ते, थोरा. मी त्यावरून नजर हलवली नाही. मला पुरतं तेवढं. आता आयनारला सूप कोण भरवणार? चल, मला उशीर होतोय."

तू टिकलास ना, आयनार. ते आधी लिहायचं होतं.

संध्याकाळी वृत्तांत छापणाऱ्यांकडून फोन आला. सदस्यांना आपलं बोलणं छापण्याआधी सुधारता येतं, तुला माहीतच आहे, तू दर भाषणाला ते करतोस. तो माणूस अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, एका ठिकाणी 'माझा भाऊ' असं आलंय. आम्ही ते 'विस्कॉन्सिनचे सन्माननीय सदस्य' करून टाकू का? नेहमी करतो तसं."

मी म्हटलं, "बोलले तेच छापा."

तेव्हा आजचा वृत्तांत मागवून घे आणि वाच. तुझा नकार त्यात आहे, माझ्या तोंडून, आणि त्याच्याआधी तू माझा कोण आहेस तेही आहे. हा देश उभा आहे तोवर ते कुठल्या तरी कपाटात राहील. आता तू कितीही नाकारलंस तरी छापील आहे.

एक शेवटचा मुद्दा. तू गेली तीन वर्षं एक युद्ध चालवतो आहेस. पुकारताना घरात कुणाला विचारलं नाहीस, लेखी कळवलं नाहीस, किती चालणार तेही सांगितलं नाहीस. कालपर्यंत ते चाललं. आता कायदा झाला आहे. पुढे चालू ठेवायचं असेल तर अठ्ठेचाळीस तासांत लेखी कारण दे, आणि घरातल्यांची परवानगी घे. घरात मार्गित आहे आणि मी आहे. काल तिला इस्पितळात सोडायला जाताना टॅक्सीत आम्ही मतदान घेतलं. परवानगी नाकारली आहे, एकमताने, म्हणजे तुझ्या व्हेटोला पुरून उरेल.

आज चार वाजता येते. कर्टिसला दारातून बाजूला व्हायला सांग.

थोरा